फाइल मिटते तेव्हा

डिसेंबर लागला की नागपुरात सिव्हिल लाइन्सचा नूर पालटतो. विधानभवनाकडे जाणारे रस्ते बॅरिकेडनं अर्धे होतात, आमदार निवासाच्या भिंतींना नवा रंग लागतो, रविभवनापुढं पांढऱ्या गाड्यांची रांग लागते आणि यशवंत स्टेडियमवरून निघालेले मोर्चे दरवर्षी जिथं अडतात तिथंच यंदाही अडतात. 1953 च्या नागपूर कराराच्या कृपेनं आम्हाला वर्षातले काही दिवस सरकार डोळ्यांनी पाहायला मिळतं, आणि त्या दिवसांत तर्री-पोह्याच्या गाडीवरही राज्यकारभार चालतो. मागच्या हिवाळ्यात अशाच एका गाडीवर दोघं तावातावानं बोलत होते. विषय आमदारांचे भत्ते. एक म्हणाला, "साऱ्या बिलाइची चौकशी पोलिसाइले देऊन टाका, आठ दिवसात सरळ येतीन." दुसऱ्यानं लिंबू पिळता पिळता विचारलं, "अन् पोलीस कोनाचे आहे भाऊ? ज्याची खुर्ची त्याचे. उद्या तुमच्याच मानसाचं बिल काढतीन, मंग समजन." संध्याकाळी टीव्ही लावला तर तेच भांडण, फक्त कोट घालून.

या वादात दोन्ही बाजू एकच चूक करतात म्हणून हे लिहितो आहे. दोघांचंही लक्ष एकाच प्रश्नावर असतं: कारवाई कोणावर झाली? आपल्या माणसावर झाली तर सूड, त्यांच्या माणसावर झाली तर न्याय. माझं म्हणणं असं की लोकप्रतिनिधीनं खोटं बिल लावलं असेल तर त्याचा तपास पोलिसांनीच करायला हवा, सभागृहाच्या समितीनं पोलिसांची जागा घेऊ नये. पण तो तपास राजकारणापासून मोकळा आहे की नाही, हे अटकेच्या दिवशी कधीच कळत नाही. कोणती फाइल उघडलीच गेली नाही, आणि उघडलेली फाइल कोणी, कोणत्या दिवशी, काय लिहून मिटवली, यावरून ते कळतं. त्या दिवशी मात्र पोह्याच्या गाडीवर कोणी भांडत नाही. बातमी आली तरी आतल्या पानावर चार ओळी.

आधी भत्ता म्हणजे काय ते पाहू, कारण वाद घालणाऱ्या बऱ्याच जणांनी ते पाहिलेलं नसतं. आमदारांचं वेतन आणि भत्ते त्यांनीच केलेल्या कायद्यानं ठरतात. घटनेच्या कलम 195 नं तो अधिकार विधिमंडळाला दिला आहे आणि महाराष्ट्रात त्यासाठी 1956 चा कायदा आहे. त्यातले काही भत्ते दरमहा ठोक मिळतात. दूरध्वनी, टपाल-स्टेशनरी, संगणकचालक. इथं गैरवापर शोधायला जागाच नाही, कारण वापर सांगावाच लागत नाही. एखाद्यानं संगणकचालक ठेवलाच नाही तरी त्यानं कुठं खोटी सही केलेली नसते. ठोक भत्ता ही चोरी टाळण्याची सर्वांत सोपी युक्ती आहे: चोरीची व्याख्याच उरू द्यायची नाही. गुन्हा होऊ शकतो तो जिथं सही करून दावा केला जातो तिथं. न केलेला प्रवास, न लावलेली हजेरी, दुसऱ्याच कामाला जुंपलेला स्वीय सहायक.

मी नोकरीची बरीच वर्षं एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत काढली. तिथला एक शिपाई पावसाळ्यात डाक घेऊन गडचिरोलीला गेला होता. एसटीचं तिकीट खिशात भिजून लगदा झालं. त्यानं तो लगदा वाळवला, कोऱ्या कागदावर खळीनं चिकटवला आणि प्रवासभत्त्याच्या देयकाला जोडला. आकडा वाचता येत नव्हता. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि 102 रुपयांची वसुली लागली. वसुलीचा कागद मीच टाइप केला. नियमाप्रमाणे तो बरोबरही होता; तिकीट वाचता येत नसेल तर रक्कम देणार कशाच्या आधारावर? त्याच टेबलावरून मोठ्या माणसांची देयकंही गेली. त्यांना तिकीट लागत नसे, "प्रवास प्रत्यक्ष केला आहे असे प्रमाणित करण्यात येते" एवढं वाक्य पुरत असे. शिपायाची सही म्हणजे दावा, आणि मोठ्यांची सही म्हणजे पुरावा! हा फरक कोणत्या नियमात लिहिला आहे, हे मी निवृत्त होईपर्यंत शोधत होतो.

आता लिंबू पिळणाऱ्या गृहस्थाचं म्हणणं घेऊ, कारण समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा तोच आहे. पोलीस कोणाचे? मुंबई पोलीस अधिनियम 1951 चा, त्यालाच आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्याचं चौथं कलम स्पष्ट सांगतं की पोलीस दलावरची देखरेख राज्य सरकारकडे आहे. सर्वोच्च न्यायालयानं प्रकाशसिंह खटल्यात 22 सप्टेंबर 2006 रोजी राज्यांना बजावलं की महासंचालकांना किमान दोन वर्षांची मुदत द्या, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ नेमा, राज्य सुरक्षा आयोग नेमा, तपास आणि बंदोबस्त यांची माणसं वेगळी करा. महाराष्ट्रानं 2014 मध्ये कायदा दुरुस्त केला. सुरक्षा आयोग आला, पण त्याचे अध्यक्ष गृहमंत्रीच. विरोधी पक्षनेत्याला त्यात जागा आहे खरी, पण 2024 च्या निवडणुकीनंतर विधानसभेत ते पदच कित्येक महिने रिकामं राहिलं. नागपूरकरांनी तर या बाबतीत भोळेपणा दाखवूच नये. 2014 पासूनचा बहुतेक काळ राज्याचं गृहखातं याच जिल्ह्यातल्या माणसाकडे राहिलं आहे, पक्ष बदलले तरी. एका ठाण्याच्या निरीक्षकाची बदली कशी होते, हे इथं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

आणि नुसतं ठाऊक असण्याचा प्रश्न नाही, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात ते कागदावर आलेलं आहे. विदर्भातल्या सिंचन प्रकल्पांच्या घोटाळ्यावर जनमंच या संस्थेनं जनहित याचिका केली होती. डिसेंबर 2014 मध्ये, सत्ताबदल होऊन दोनही महिने झाले नव्हते तेव्हा, नव्या सरकारनं लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला माजी मंत्र्यांच्या उघड चौकशीची परवानगी दिली. नोव्हेंबर 2018 मध्ये विभागानं खंडपीठात प्रतिज्ञापत्र दाखल करून अजित पवारांवर जबाबदारी ठेवली. 23 नोव्हेंबर 2019 च्या पहाटे राजभवनात शपथविधी झाला, पवार उपमुख्यमंत्री झाले, आणि 25 तारखेला विभागानं सिंचनाच्या नऊ प्रकरणांच्या फाइली बंद केल्या. या नऊ प्रकरणांचा पवारांशी संबंध नाही, असा खुलासा विभागानं केला. पुढच्याच महिन्यात, तोवर सरकार पुन्हा बदललं होतं, खंडपीठापुढं नवं प्रतिज्ञापत्र आलं आणि त्यात त्यांची जबाबदारी नसल्याचं म्हटलं होतं. मी इथं कोणी काय केलं याचा निवाडा करत नाही. 2018 चं प्रतिज्ञापत्र चुकीचं असू शकतं, 2019 चं बरोबर असू शकतं, खुलासा अक्षरश: खरा असू शकतो. पण चौकशी उघडली ती सरकारच्या परवानगीनं, आणि पहिल्या फाइली मिटल्या त्या शपथेनंतर दोन दिवसांत. अशा वेळी निर्दोष माणूससुद्धा आपलं निर्दोषत्व लोकांना पटवू शकत नाही. पोलिसांवर नेत्याचा ताबा असला की नुकसान त्या नेत्याचंही होतं, हे नेत्यांच्या लक्षात येतं ते विरोधी बाकांवर बसल्यावर.

मग सीबीआयकडे द्या, हा ठरलेला उतारा. एप्रिल 2021 मध्ये गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावरच्या आरोपांत मुंबई उच्च न्यायालयानं तोच दिला. गृहमंत्र्याची चौकशी त्याच्याच हाताखालचे पोलीस निष्पक्षपणे कशी करणार, हा न्यायालयाचा विचार बिनतोड होता. पण सीबीआय आकाशातून पडत नाही. राज्यात महाविकास आघाडीचं सरकार होतं तेव्हा, ऑक्टोबर 2020 मध्ये, सीबीआयला राज्यात तपास करायला दिलेली सर्वसाधारण संमती काढून घेतली गेली. दोन वर्षांनी दुसरं सरकार आलं आणि ती परत दिली. जी यंत्रणा एका सरकारला सापळा वाटते आणि दुसऱ्याला सोबती वाटते, ती स्वतंत्र आहे असं दोघांपैकी कोणीच मानत नाही, एवढं तरी यातून सिद्ध होतं. तपास मुंबईच्या ताब्यातून काढून दिल्लीच्या ताब्यात दिला तर दोरी दुसऱ्या हातात जाते. दोरी तशीच राहते.

तर मग पोलीस नकोतच का? लिंबूवाल्या गृहस्थाचा युक्तिवाद शेवटी तिथंच जातो, आणि तिथं मी त्याची साथ सोडतो.

इंग्लंडमधला एक दाखला या वादात फार कामाचा आहे, कारण त्यात पोलीस एकच आहेत, शहर एकच आहे आणि काळही जवळपास तोच. नोव्हेंबर 2008 मध्ये लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी विरोधी पक्षाचे खासदार डेमियन ग्रीन यांना अटक केली आणि संसदेतल्या त्यांच्या कार्यालयाची झडती घेतली. सरकारी कागद फुटत होते, सरकारी खात्यानंच पोलिसांना बोलावलं होतं. झडतीचं वॉरंट नव्हतं, संसदेच्या अधिकाऱ्यानं संमती दिली होती. प्रचंड गदारोळ झाला आणि तो रास्त होता. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, मे 2009 मध्ये, ‘डेली टेलिग्राफ’नं खासदारांच्या खर्चाच्या दाव्यांची यादी छापायला सुरुवात केली. सभापती मायकेल मार्टिन यांना पद सोडावं लागलं. सभापतीला असं जावं लागण्याची वेळ 1695 नंतर प्रथमच आली. याच पोलिसांनी मग तपास केला आणि फेब्रुवारी 2010 मध्ये मजूर पक्षाचे तीन खासदार आणि हुजूर पक्षाचे एक लॉर्ड यांच्यावर आरोप ठेवले गेले. सरकार कोणाचं होतं? मजूर पक्षाचं, आणि निवडणूक तीन महिन्यांवर होती. तरी सूडाचा आरोप टिकला नाही.

नोव्हेंबरातले पोलीस वाईट आणि फेब्रुवारीतले चांगले, असं तर झालं नसेल. फरक तक्रार कुठून आली यात होता आणि निर्णय कसा सांगितला यात होता. ग्रीन प्रकरण सरकारच्या फोनवरून सुरू झालं. खर्चाचं प्रकरण सर्वांच्या डोळ्यांपुढं असलेल्या कागदांवरून सुरू झालं. ग्रीन यांच्यावर खटला भरायचा नाही हा एप्रिल 2009 चा निर्णय आणि चौघांवर भरायचा हा फेब्रुवारी 2010 चा निर्णय, दोन्ही एकाच सरकारी अभियोक्त्यानं जाहीरपणे, कारणांसह सांगितले. तो अभियोक्ता म्हणजे कीर स्टार्मर, पुढं जे पंतप्रधान झाले. फाइल उघडण्याइतकंच फाइल मिटवण्याचं कारणही त्या देशाला ऐकायला मिळालं. आपल्याकडे काय होतं? तपास अधिकारी फाइल मिटवताना न्यायालयाला समरी अहवाल पाठवतो. ‘ए’ म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, ‘बी’ म्हणजे तक्रारच खोटी, आणि ‘सी’ म्हणजे धड खरी नाही धड खोटी नाही, गैरसमजातून झालेली. ही ‘सी’ समरी मोठी मायाळू आहे. तिच्यात कोणालाही सामावून घेता येतं. आणि हे सगळं झालं गुन्हा नोंदला असेल तर. प्राथमिक चौकशीतच प्रकरण निजलं तर तेवढाही कागद बाहेर येत नाही.

त्याच देशातला डेनिस मॅकशेन यांचा किस्साही इथं लागतो. ‘संशोधन सेवा’ या नावाखाली या खासदारानं स्वत:च बनवलेल्या पावत्या लावून 12,900 पौंड घेतले. पोलिसांनी 2012 च्या जुलैत तपास थांबवला. संसदेच्या समितीनं नोव्हेंबरात आपला अहवाल पुराव्यांसकट छापला, तेव्हा पोलिसांना फाइल पुन्हा उघडावी लागली. डिसेंबर 2013 मध्ये सहा महिन्यांची शिक्षा झाली. मिटलेली फाइल पुन्हा उघडता येते, पण ती का मिटली होती आणि तिच्यात काय होतं हे कोणाला तरी वाचता आलं पाहिजे.

आता दुसरा आक्षेप: एवढ्याशा रकमेसाठी पोलीस? सिंचनात हजारो कोटींची भाषा आणि इथं टॅक्सीचं बिल! ऐकायला पटतं. पण रक्कम जितकी लहान तितका राजकीय धोका मोठा असतो, आणि हे ऑस्ट्रेलियानं दाखवलं. पीटर स्लिपर नावाचे खासदार आपल्या पक्षाची साथ सोडून सत्ताधाऱ्यांच्या पाठिंब्यानं सभापती झाले. पुढं त्यांच्यावर खटला झाला तो 2010 मध्ये सरकारी टॅक्सी कार्डावर कॅनबेराभोवतीच्या द्राक्षमळ्यांत फिरल्याचा. रक्कम 954 डॉलर. 2014 मध्ये दोषी ठरले, 2015 मध्ये अपिलात सुटले. त्याच 2015 मध्ये दुसऱ्या सभापती ब्रॉनविन बिशप पक्षाच्या निधिसंकलनाला मेलबर्नहून जिलाँगला हेलिकॉप्टरनं गेल्याचं बाहेर आलं. अंतर गाडीनं तासाभराचं, बिल पाच हजार डॉलरच्या वर. त्यांनी पैसे परत केले, पद सोडलं, खटला झाला नाही. तिथं तेव्हा एक जुना प्रघातच होता की चुकीचा दावा सापडला तर खासदाराला आधी पैसे परत करायची संधी द्यायची. मग एकाला कोर्ट आणि दुसऱ्याला चेकबुक, हे कोणी ठरवलं?

लहान रकमांचा खरा प्रश्न हा आहे. जिथं शंभरातल्या साठ जणांची बिलं थोडीफार वाकडी असतात, तिथं कोणाचं उघडायचं हे ठरवणारा माणूस कोणालाही संपवू शकतो. म्हणून "क्षुल्लक आहे, सोडा" हे उत्तर चुकीचं आहे. सोडून देण्याची सवय लागली की निवडून पकडण्याची सोय आपोआप होते. आमच्या महापालिकेत क्रीडासाहित्य घोटाळा झाला, नंदलाल समिती नेमली गेली, वेगवेगळ्या पक्षांच्या नगरसेवकांवर गुन्हे दाखल झाले. खटला इतका रेंगाळला की आज चेंडू-बॅटींचा तो हिशेब तरुण वाचकांना सांगावा लागतो. सगळेच आरोपी असले की कोणालाच घाई नसते. न मिटवता, न चालवता फाइल नुसती ठेवून देणं हाही एक निर्णयच असतो. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे घोटाळ्याचा गुन्हा 2002 चा, आणि आमदार सुनील केदार यांना शिक्षा झाली डिसेंबर 2023 मध्ये. त्यांनी त्याविरुद्ध अपील केलं. मधल्या एकवीस वर्षांत ते निवडणुका जिंकले, मंत्री झाले. ते दोषी असतील तर मतदारांना एकवीस वर्षं फसवलं गेलं, नसतील तर एका माणसाच्या डोक्यावर तेवढी वर्षं तलवार टांगली गेली. दोन्हींचा जाब कोणी द्यायचा?

तिसरा आक्षेप विद्वानांचा असतो: सभागृह स्वत:च्या घरात शिस्त लावायला समर्थ आहे, पोलीस आत आले की विशेषाधिकार संपले. याला इतिहासाचा आधारही आहे. 1951 मध्ये हंगामी संसदेतले मुंबईचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी सराफ बाजाराच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिची वकिली केल्याचं उघड झालं. प्रस्ताव आणला खुद्द पंतप्रधान नेहरूंनी, आपल्याच पक्षाच्या सदस्याविरुद्ध. समिती बसली, मुद्गल यांना जावं लागलं. 2005 मध्ये प्रश्न विचारायला पैसे घेणारे अकरा खासदार दोन आठवड्यांच्या आत घालवले गेले. हे मी नाकारत नाही. पोलिसांना इतक्या वेगानं काही जमलं नसतं. पण सभागृह सदस्यत्व घेऊ शकतं. खोटी पावती कोणी छापली, पैसे कोणत्या खात्यात गेले, कारकुनावर दबाव कोणी आणला, हे शोधण्याची हत्यारं समितीकडे नाहीत. शिवाय समितीत बहुमत कोणाचं असतं ते सांगायला नको. आणि स्वत:च्या पैशांच्या प्रश्नावर सभागृह किती चिकित्सक असतं? 2016 मध्ये आपल्या आमदारांची वेतनवाढ चर्चेविना मंजूर झाली. एरवी कामकाज बंद पाडणारे पक्ष त्या दिवशी एकदिलानं नांदले.

विशेषाधिकाराचा कायदेशीर मुद्दा तर आता जवळपास निकालात निघाला आहे. इंग्लंडमधल्या त्या खासदारांनी 1689 च्या हक्कांच्या सनदेचा आसरा घेतला होता. 2010 च्या नोव्हेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खर्चाचं बिल भरणं हे संसदीय कामकाज नव्हे. आपल्याकडे केरळ विधानसभेतल्या मोडतोडीच्या खटल्यात 2021 मध्ये आणि मतासाठी लाच घेतल्याच्या सीता सोरेन खटल्यात 4 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालय त्याच दिशेनं गेलं. सभागृहाचं काम चालण्यासाठी जे आवश्यक आहे तेवढ्यालाच संरक्षण. बनावट बोर्डिंग पासविना कोणत्या सभागृहाचं काम अडतं? आणि हे उदाहरण मी कल्पनेनं घेतलेलं नाही. राज्यसभेचे तेव्हाचे सदस्य अनिलकुमार सहनी यांनी न केलेल्या विमानप्रवासाचे लाखो रुपये बनावट तिकिटांवर मागितल्याचा गुन्हा सीबीआयनं 2013 मध्ये नोंदवला. शिक्षा झाली 2022 मध्ये. तोवर ते दुसऱ्या पक्षाकडून बिहार विधानसभेत आमदार झाले होते.

एक गोष्ट मात्र विरोधकांची पूर्ण मान्य करावी लागेल. नियमच धूसर असतील तर पोलीस काही करू शकत नाहीत, आणि करायलाही जाऊ नये. कॅनडात सिनेटर माइक डफी यांच्यावर एकतीस आरोप ठेवले गेले आणि एप्रिल 2016 मध्ये ते एकतीसही आरोपांतून सुटले. मुख्य घर कोणतं हेच नियमात धड लिहिलेलं नव्हतं. इंग्लंडमध्ये सर्वांत गाजला तो एका खासदाराचा बदकांसाठीच्या तरंगत्या घराचा 1,645 पौंडांचा दावा. जग हसलं, पण खटला झाला नाही आणि होण्याचं कारणही नव्हतं, कारण त्यानं बदकांचं घर बदकांचं घर म्हणूनच मागितलं होतं. तुरुंगात गेले ते फेडून झालेल्या कर्जाचं व्याज मागणारे. निर्लज्जपणाचा निकाल मतदारांनी लावायचा, खोटेपणाचा न्यायालयानं, आणि पोलिसांनी फक्त खोटेपणाच्या मागं लागायचं. यासाठी दावे कोणी मंजूर करायचे हेच आधी बदलावं लागतं. इंग्लंडनं 2009 मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण केलं, ऑस्ट्रेलियानं 2017 मध्ये. आपल्याकडे देणारे, घेणारे आणि नियम करणारे एकाच छपराखाली बसतात.

यावर आपल्या चर्चांचा शेवट ठरलेला असतो: "रामशास्त्री हवेत हो." नारायणरावांच्या खुनाच्या प्रकरणात रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पुढचं वाक्य कोणी म्हणत नाही. त्यानंतर पुणं सोडून गेले ते रामशास्त्री. राघोबा गादीवर राहिले. निवाडा बाणेदार होता, पण तो देणाऱ्याच्या पाठीशी व्यवस्था नव्हती. दर वेळी एका निरीक्षकानं नोकरी पणाला लावावी ही अपेक्षा पोह्याची प्लेट हातात धरून करणं सोपं आहे.

मला हवं ते बरंच रूक्ष आहे. दावे आणि त्यांच्या पावत्या दर तिमाहीला लोकांना पाहता याव्यात, म्हणजे तक्रार मंत्र्याच्या फोनवरून न येता कागदावरून येईल. संशयाची बाब पोलिसांकडे पाठवायचा अधिकार लेखापरीक्षकाला असावा. महालेखापालांचं कार्यालय इथं सिव्हिल लाइन्सलाच आहे, त्यासाठी मुंबईलाही जायला नको. तपास अधिकाऱ्याची बदली फाइल संपेपर्यंत होऊ नये, करावीच लागली तर कारण लिहून करावी. आणि गुन्हा नोंदवला नाही किंवा मिटवला, तर त्याची कारणं ठरावीक मुदतीत जाहीर व्हावीत, ‘सी’ हे एक अक्षर पुरेसं मानू नये. यातल्या कशालाही नवा महापुरुष लागत नाही. लागते ती आमदारांचीच संमती, आणि तिथं गाडी अडते. याच नागपुरात डिसेंबर 2022 मध्ये विधानसभेनं नवं लोकायुक्त विधेयक मंजूर केलं. मुख्यमंत्र्यांची चौकशी करायची तर सभागृहाच्या दोन तृतीयांश सदस्यांची आधी मान्यता हवी, अशी त्यात अट होती. ज्या मुख्यमंत्र्याविरुद्ध दोन तृतीयांश आमदार उभे राहतील, तो तोवर मुख्यमंत्री राहिलेला असेल का?

विधिमंडळ सचिवालयाला पाठवायचा माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज मी लिहून ठेवला आहे. नावं विचारलेली नाहीत, पक्ष विचारलेले नाहीत. एवढंच विचारलं आहे: गेल्या दहा वर्षांत सदस्यांच्या प्रवासभत्त्याची किती देयकं आक्षेप घेऊन परत पाठवली, त्यांपैकी किती पुन्हा मंजूर झाली, आणि मंजूर करताना फाइलवर काय लिहिलं. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट तेवढं लावायचं आहे. आमच्या त्या शिपायानं लावला होता तसा खळीनं लावीन म्हणतो.